मेमरीचं मी बघतो

“कुंकू? सर्किट बोर्डाला कुंकू? वडके, डोकं ठिकाणावर आहे का तुमचं?”

परचुरे सरांनी तो बोर्ड दोन बोटांत असा धरला होता की बघणाऱ्याला वाटावं, मेलेली पाल उचललीय. समोर वडकेकाका उभे होते. हातात पुसायचं फडकं, आणि चेहरा एवढासा झालेला.

“सर, खंडेनवमी होती. हत्यारांची पूजा करतात त्या दिवशी,” काका म्हणाले. “आमच्या तांबट आळीत हातोडा, ऐरण, भाता, सगळ्यांना हळदकुंकू लावतात. मी म्हटलं, आपलं हत्यार हेच की.”

“आणि पाणी?”

“फुलानं शिंपडलं. जरासं.”

“जरासं! ऐकलंस शलाका? जरासं म्हणे!”

ऐकलं होतं मी. पण माझं लक्ष बोर्डावरच्या हिरव्या दिव्याकडे होतं. दसऱ्याच्या आदल्या दिवसापर्यंत तो दिवा न चुकता लुकलुकत होता. आज सकाळी आल्या आल्या बटण दाबलं तर ढिम्म. दुसरा बोर्ड घेतला, तोही ढिम्म. तिसराही तसाच. आणि काकांनी कुंकू तिन्ही बोर्डांना लावलं होतं, कुणाला डावं-उजवं नको म्हणून.

“एकाला लावलं असतंत तर दोन तरी वाचले असते!” सर ओरडले.

“सर, कुंकवानं काही होत नाही हो,” काका हळूच म्हणाले.

“मग कशानं झालं? दृष्ट लागली?” सरांनी बोर्ड टेबलावर आपटला. “सोमवारी आरोग्य खात्याचे साहेब येणार आहेत पेट्या बघायला. त्यांच्यासमोर हे सुरू झालं नाही, तर मंगळवारपासून तुम्ही यायची तसदी घेऊ नका. आणि तोवरही घरीच बसा. इथं आणखी कशाला हात लावू नका.”

काकांनी फडक्याची नीट घडी केली, आपल्या सोल्डरिंगच्या टेबलावर ठेवली आणि दाराकडे गेले. चपला घालताना एकदा मागे वळून बघितलं. सरांकडे नाही, बोर्डाकडे.

मी एक शब्द बोलले नाही. बोलणार काय? मलाही तेव्हा कुंकूच वाटत होतं.

आमची कंपनी म्हणजे पर्वतीच्या पायथ्याच्या एका औद्योगिक इमारतीतला दुसरा मजला. सर, मी, काका आणि सदान्‌कदा गावोगाव फिरणारी विक्रीची दोन माणसं. आम्ही एक पेटी बनवत होतो. आरोग्य केंद्रांत लसींचे फ्रिज असतात, त्यावर ती बसवायची. आतलं तापमान तिनं नोंदवायचं आणि बिघडलं तर ओरडायचं. खेड्यात लाइट किती वेळा जातात हे काय सांगायला हवं? दर वेळी लाइट आले की पेटीनं आपलं आपण उठायला हवं, कारण तिथं बटण दाबायला कोणी बसलेलं नसतं. सगळी गंमत त्या आपलं आपण उठण्यात होती. ते जमलं तर पेटी, नाहीतर पत्र्याचा डबा.

पेटीतली चिप नवीकोरी होती. एवढी नवी की तिच्यासाठी सी भाषेची लायब्ररी, म्हणजे नेहमीच्या कामांचे तयार तुकडे, तेसुद्धा कोणी बसवलेले नव्हते. ते काम आमचं. आता पुस्तकात लिहिलेलं असतं की सी प्रोग्राम ‘मेन’पासून सुरू होतो. साफ खोटं आहे ते. नव्या घरात राहायला जायच्या आधी कोणीतरी जाऊन कुलूप काढतं, लाइट-पाणी चालू आहे का बघतं, केर काढतं, सामान जागच्या जागी लावतं. मग घरमालकीण ऐटीत उंबरठा ओलांडते आणि म्हणते, माझं घर. ‘मेन’ ही ती घरमालकीण. तिच्या आधी येऊन राबणारा जो कोडचा लहानसा तुकडा असतो, त्याला स्टार्टअप म्हणतात. तो दर चिपला नव्यानं लिहावा लागतो. चालला तर त्याची कोणाला आठवणही होत नाही.

तो तुकडा प्रद्योतनं लिहिला होता. बाकीची लायब्ररी मी बसवली होती.

प्रद्योत म्हणजे शेजारच्या खुर्चीवरचा माणूस. दोन वर्षं आमच्या खुर्च्यांमध्ये फक्त चहाचे कप ठेवायला एक स्टूल होतं. हुशार होता, प्रश्नच नाही. आणि गोड बोलायचा. कुठलीही अडचण आली की त्याचं उत्तर ठरलेलं असायचं, “तू कशाला टेन्शन घेतेस? मी बघतो.” स्कूटर पंक्चर झाली, मी बघतो. घरमालकीण भाडं वाढवते म्हणाली, मी बघतो. ऐकलं की माझ्या खांद्यावरचं ओझं खरंच उतरायचं. श्रावणात तो हॉलंडला गेला, मोठ्या कंपनीत. जायला तर हवंच होतं, अशी संधी कोण सोडतं?

तो गेल्यावर मी त्याची खुर्ची कोणाला हलवू दिली नाही. लाइट गेले तरी बंद पडू नये म्हणून त्याचा कॉम्प्युटर यूपीएसवर चालूच ठेवला. बोर्डाला जोडलेला पांढरा ठोकळाही त्याच्याच कॉम्प्युटरला लावलेला होता, मग मी माझी खुर्ची सोडून त्याच्या खुर्चीवर जाऊन बसायला लागले. ठोकळा म्हणजे बोर्डाच्या आत डोकवायचं यंत्र. चिपला धरून थांबवायचं, एकेक पाऊल चालवायचं, पोटात काय चाललंय ते बघायचं. आम्ही तो बंगळूरहून भाड्यानं आणला होता. जेवणाचा डबाही मी त्याच खुर्चीवर उघडायचे. काका त्यांच्या टेबलावरून हाक मारायचे, “ताई, या की इकडे. एकट्याला घास जात नाही.” मी म्हणायचे, “नको काका, काम आहे.” काम कसलं डोंबलाचं! रविवारी त्याची ईमेल यायची, ती मी बुधवारपर्यंत वाचत असायचे.

तर त्या शुक्रवारी सर गेल्यावर मी तिन्ही बोर्ड स्पिरिटनं धुतले. ब्रशनं कानाकोपऱ्यातलं कुंकू काढलं. हेअर ड्रायरनं वाळवले. परत वीज जोडली. दिवा लागला नाही.

ठोकळा लावून आत बघावं म्हटलं, तर ठोकळा कुठाय? त्याच्या भाड्याची मुदत दसऱ्याला संपत होती. सरांच्याच सांगण्यावरून काकांनी तो पूजेच्या दिवशी खोक्यात भरून बंगळूरला पाठवून दिला होता. म्हणजे आता आत बघायचं साधनही नाही. मी त्या रिकाम्या मजल्यावर बसून राहिले. घड्याळाचा आवाज येत होता. माझ्या जन्मात इतकं एकटं मला कधी वाटलं नव्हतं, आणि वाईट म्हणजे पहिला विचार आला तो हाच, की प्रद्योत असता तर म्हणाला असता, मी बघतो.

शनिवारी सकाळी मी तांबट आळीत गेले. आळीत शिरल्यापासून कानांवर घण पडत होते, पण काकांच्या घरात अगदी शांत. काकू जाऊन चार वर्षं झाली होती. मुलगी सुरतेला दिलेली. काका खिडकीत बसले होते, इस्त्रीचा शर्ट घालून. कुठंही जायचं नव्हतं तरी.

“या ताई. झाला का सुरू?”

“नाही झाला. काका, एक चिप शिल्लक आहे. कोरा बोर्डही आहे. तुम्ही चौथा बोर्ड जोडून द्याल? कुंकू न लावलेला?”

काका माझ्याकडे बघत राहिले. “म्हणजे तुम्हालाही वाटतंय, कुंकवानंच झालं.”

“मला काहीच वाटत नाही. म्हणूनच करून बघायचंय. चौथा चालला तर कुंकू दोषी. नाही चालला तर तुम्ही सुटलात.”

“सरांनी हात लावू नका म्हटलंय.”

“सर सासुरवाडीला गेलेत. उद्या रात्री येतील.”

काका उठले. कोनाड्यातून स्वतःची सोल्डरिंगची लोखंडी कांडी काढली आणि फडक्यात गुंडाळून पिशवीत टाकली. “कंपनीच्या वस्तूला हात नको लावायला,” म्हणाले. “आपली ती आपली.”

काकांचे हात चालताना बघत राहावंसं वाटायचं. तांब्याचे हंडे ठोकणाऱ्या घराण्यातला माणूस, पण चिपच्या केसासारख्या पायांवर कथिल असं सोडायचा की एक थेंब इकडे नाही की तिकडे नाही. दुपारपर्यंत बोर्ड तयार झाला. काकांनी भिंगातून सगळं दोनदा तपासलं आणि माझ्या हातात दिला. आमच्याकडे एक साधी सिरियल केबल होती, तिच्यावरून प्रोग्राम हळूहळू का होईना पण चढवता यायचा. मी तोच चालता प्रोग्राम चढवला, केबल काढली, बोर्डाला वीज जोडली.

दिवा लागला नाही.

“बघा!” मी जवळजवळ आनंदानं ओरडले. “कुंकू नाही तरी नाही चालला. म्हणजे कुंकवाचा काही संबंध नाही!”

काका खुर्चीवर बसले.

“काय झालं काका?”

“ताई, तुम्ही शिकलेल्या आहात, तुम्हाला कळलं. सर काय म्हणतील? म्हणतील, आधी पूजेनं तीन बोर्ड मारले, चौथा सोल्डरिंगनं मारला.” त्यांनी आपले हात मांडीवर उलटे करून बघितले. “कुंकू लावलं ही चूक झाली म्हणा, मी ऐकून घेईन. पण माझा सांधा कच्चा आहे असं कोणी म्हटलं ना, तर मग घरी बसून तरी काय करू? भिंतींशी किती बोलायचं माणसानं?”

मी त्यांना चहा करून दिला. ते निघाले तेव्हा म्हटलं, “उद्या दुपारी या काका. उद्यापर्यंत लावते मी ह्याचा छडा.” कशाच्या जोरावर म्हटलं देव जाणे.

ठोकळा नसताना स्टार्टअपमधली चूक शोधायची कशी? प्रोग्रामला बोलता येत नाही, कारण बोलायची सगळी सोय लायब्ररीत असते आणि लायब्ररी अजून उठलेलीच नसते. आपल्याकडे एवढा एक हिरवा दिवा. मग मी काय केलं, दिवा लावायची आज्ञा स्टार्टअपच्या अगदी पहिल्या ओळीत घातली. प्रोग्राम चढवला, वीज जोडली. दिवा लागला. म्हणजे चिप जिवंत होती. काकांचा सांधा पक्का होता. मी तिथंच टाळी वाजवली, ऐकायला कोणी नव्हतं तरी.

मग ती आज्ञा जराशी खाली सरकवली. दिवा लागला. आणखी खाली. लागला. असं आंधळ्यासारखं चाचपडत मी त्या ओळीपाशी आले, जिथं प्रोग्राम पहिल्यांदा बाहेरच्या मेमरीत काहीतरी ठेवायला जातो. दिवा त्या ओळीच्या वर ठेवला तर लागायचा, खाली ठेवला तर विझलेला. उलटसुलट करून बघितलं. प्रोग्राम सामान ठेवायला जात होता आणि तिथं खोलीच नव्हती. म्हणजे मेमरी चालू नव्हती.

पण असं कसं होईल? मेमरीची चिप वेगळी असते. तिला आधी चार सूचना देऊन जागं करावं लागतं. ते काम स्टार्टअपचं. मी प्रद्योतची फाइल वरपासून खालपर्यंत वाचली. दोन वर्षांत पहिल्यांदाच नीट वाचली, कारण त्याचं काम आहे म्हटल्यावर मी ते कधी तपासलंच नव्हतं. कुंकवावर शंका घेतली, सांध्यावर घेतली, स्वतःवर तर कायमच घ्यायचे. त्याच्यावर घ्यायचं सुचलंच नाही.

मेमरीला जागं करणाऱ्या सूचना त्या फाइलमध्ये नव्हत्याच.

मग इतके महिने बोर्ड चालला कसा?

मी त्याच्या कॉम्प्युटरवर ठोकळ्याचं फोल्डर उघडलं. ठोकळा बोर्डाला जोडला की आधी एक लहानशी स्क्रिप्ट आपोआप चालायची. कधी चालते ते कळायचंही नाही. तिच्यात होत्या सगळ्या सूचना. मेमरीला उठवायच्या, चिपच्या आतलं घड्याळ लावायच्या, सगळ्या. म्हणजे आमचा बोर्ड कधीच आपलं आपण उठला नव्हता. दर वेळी ठोकळा मागून हात देत होता आणि आम्हाला वाटत होतं, बोर्ड चालतोय. तिन्ही बोर्ड रात्रंदिवस यूपीएसवर, आणि ठोकळा कायम त्यांतल्या एखाद्याला लावलेला. खंडेनवमीला काकांनी पहिल्यांदाच बोर्डांची वीज बंद केली आणि ठोकळा काढला. एवढंच झालं होतं. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला निघालो होतो आम्ही.

आणि मला सुरुवातीचे दिवस आठवले. मी विचारलं होतं, “प्रद्योत, मेमरीचं काय? ती चालू झाल्याशिवाय मी लायब्ररी कशी तपासू?” तो म्हणाला होता, “तू सुरू कर तुझं. मेमरीचं मी बघतो.” दुसऱ्या दिवशी मेमरी चालत होती. मी विचारलंही नाही, कशी.

श्रावणातही असंच झालं होतं. विमानतळावर जायच्या आदल्या संध्याकाळी आम्ही पर्वतीच्या पायऱ्यांवर बसलो होतो. मी विचारलं, “आणि तुझ्या आईचं काय? त्यांना आपलं सांगितलंस?” तो हसला, माझा हात हातात घेतला. “तू कशाला टेन्शन घेतेस? आईचं मी बघतो.” त्या भरवशावर मी मिरजेला फोन करून माझ्या आईला सांगितलं होतं, माझ्यासाठी स्थळं बघणं थांबव. आई दर आठवड्याला विचारायची, “काय गं, बोलला का तो घरी?” मी सांगायचे, “बघतोय तो.”

संध्याकाळी मी ऑफिसच्याच फोनवरून हॉलंडला फोन लावला. सर काय म्हणायचं ते म्हणोत.

“शलू! आज शनिवारी कशी काय?” त्याचा आवाज अगदी शेजारच्या खुर्चीवरून आल्यासारखा आला.

“प्रद्योत, मेमरी चालू करायच्या सूचना स्टार्टअपमध्ये नाहीत. ठोकळ्याच्या स्क्रिप्टमध्ये आहेत.”

“हं. हो, असतील.”

“असतील म्हणजे? ठोकळा काढल्यावर बोर्ड उठतच नाही. चारही बोर्ड बंद आहेत. सोमवारी साहेब येतायत, आणि वडकेकाकांची नोकरी जायची वेळ आलीय.”

“अरे बापरे!” तो हसला. वाईट नाही हसला, नेहमीसारखंच हसला. “अगं, ते तात्पुरतं होतं गं. तुझं काम अडू नये म्हणून टाकलं होतं. नंतर उचलून कोडमध्ये घालणार होतो, राहून गेलं. मला वाटलं, एव्हाना तुझ्या लक्षात आलं असेल.”

त्याच्या बाजूला कुणीतरी भांडी आवरत असल्याचा आवाज येत होता.

“बाकी काय?” त्यानं विचारलं.

“तुझी आई काय म्हणते?”

“आई ना? मागे लागलीय. नाताळात ये म्हणते. दोन-तीन मुली बघून ठेवल्यात म्हणे तिनं. तू मनाला लावून घेऊ नकोस. बोलायचंच आहे मला तिच्याशी. मी बघतो.”

खिडकीतून पर्वतीच्या पायऱ्या दिसत होत्या. कोण कोण चढत होतं, उतरत होतं.

“नको,” मी म्हटलं. “आता नको बघूस.”

“काय? शलू, आवाज तुटतोय.”

“नाही तुटत. ठेवते मी.”

फोन ठेवला आणि मी रडले. नीट, आवाज काढून रडले, कारण त्या मजल्यावर ऐकायला कोण होतं? मग तोंड धुतलं आणि घरी गेले. घरमालकीणबाईंनी विचारलं, “डोळे का गं लाल?” म्हटलं, “स्क्रीनकडे बघून.”

रविवारी सकाळी येऊन मी त्या सूचना लिहायला बसले. त्याच्या स्क्रिप्टमधून उचलून इकडे चिकटवणं सोपं होतं. मी तसं केलं नाही. चिपचं पुस्तक काढलं आणि एकेक सूचना समजून घेऊन स्वतः लिहिली. मेमरीला वीज मिळाल्यावर किती थांबायचं, मग काय सांगायचं, मग परत किती थांबायचं. घाई केली तर ती उठत नाही. एके ठिकाणी त्याच्या स्क्रिप्टमध्ये थांबायचा वेळ कमी ठेवलेला होता. ठोकळा मुळातच सावकाश चालायचा, म्हणून तिथं ते खपून गेलं होतं. नुसतं उचलून चिकटवलं असतं तर फसलं असतं. आणि हे सगळं माझ्या त्या जुन्या खुर्चीवर बसून केलं.

दुपारी काका आले. तोच इस्त्रीचा शर्ट. हातात डबा.

“दशम्या केल्यात. जमल्यात की नाही माहीत नाही,” म्हणाले. “लागला छडा?”

“लागलाय असं वाटतंय. तुमचा सांधा पक्का आहे, एवढं तर नक्की.”

काकांनी डोळे मिटले आणि उघडले. “आणि कुंकू?”

“कुंकू बिचारं कुठंच नव्हतं यात.” मी त्यांना सगळं सांगितलं, ठोकळ्याचं, स्क्रिप्टचं. प्रद्योतचं नाव घेतलं नाही, पण काका काही दूधखुळे नव्हते. त्यांनी त्या रिकाम्या खुर्चीकडे बघितलं आणि मान हलवली.

मी चौथ्या बोर्डावर नवा प्रोग्राम चढवला. केबल काढून टाकली. बोर्ड यूपीएसवरून काढून सरळ भिंतीतल्या प्लगला लावला, खेड्यातल्या पेटीसारखा. बटणाकडे हात नेला आणि पंखा मंदावत मंदावत थांबला. लाइट गेले होते.

“घ्या! अगदी मुहूर्तावर!” मी वैतागून म्हटलं. “आता यूपीएसवर लावून बघू?”

“नको,” काका म्हणाले. “बटण चालू करून ठेवा. खेड्यात असंच होणार ना? लाइट येतील तेव्हा त्याचं तो उठू दे.”

त्यांचं म्हणणं खरं होतं. मी बटण चालू केलं आणि आम्ही बसलो. मजल्यावर अर्धवट उजेड, उकाडा, आणि मधोमध तो मुका बोर्ड. काकांनी डबा उघडला. या वेळी मी ‘काम आहे’ म्हटलं नाही. दशम्या कडेला कडक झाल्या होत्या. आम्ही दोघांनी चघळून चघळून खाल्ल्या.

“प्रद्योतसाहेबांचा फोन येतो का?” काकांनी दशमीकडेच बघत विचारलं.

“आता नाही येणार.”

काकांनी हातातला तुकडा संपवला. मग म्हणाले, “आमची ही गेली ना ताई, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी उठून चहा टाकायला गेलो. आधण ठेवलं. आणि चहाची पूड कुठं असते तेच माहीत नाही! बत्तीस वर्षं त्या घरात राहिलो, मला वाटायचं घर मीच चालवतो. पाणी उकळून उकळून आटलं, मी तसाच उभा.”

“मग?”

“मग काय? आणखी पाणी ठेवलं आणि शोधली पूड. पोह्यांच्या डब्यामागं होती.”

मला हसू आलं आणि हसता हसता मी डोळे पुसले. काकांनी ते न बघितल्यासारखं केलं. डब्याचं झाकण लावलं, रुमालानं टेबल पुसलं.

“नाही उठला तर?” मी म्हटलं. “उद्या साहेबांसमोर?”

“नाही उठला तर उद्या शेवटचा दिवस माझा,” काका शांतपणे म्हणाले. “पण माझ्या सांध्यानं नाही मेला, हे मला कळलं. तेवढं घेऊन जाईन.”

खाली रस्त्यावर कुणाच्या तरी रेडिओचा आवाज एकदम सुरू झाला. वरचा पंखा कण्हला आणि फिरायला लागला. आम्ही दोघंही उठलो नाही. मी बोर्डाकडे बघत होते, काका माझ्याकडे. काही झालं नाही. मी मनात म्हटलं, थांब, त्याला थांबायला सांगितलंय मीच, घाई करायची नाही.

हिरवा दिवा लागला. विझला. लागला. मग आपल्या लयीत लुकलुकायला लागला.

“उठला!” काका ओरडले. “ताई, उठला की हो! कुणी हात लावला नाही!”

त्यांनी प्लग काढला, परत लावला. दिवा लागला. परत काढला, परत लावला. चार-पाच वेळा तरी केलं, डोळ्यांतून पाणी येतंय तरी करतच होते. मी कोपऱ्यात जाऊन प्रद्योतचा कॉम्प्युटर बंद केला. श्रावणानंतर तो पहिल्यांदाच बंद झाला. त्याच्या पंख्याची घरघर थांबली आणि तो आवाज इतके दिवस चालू होता हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

वळून बघते तर काकांनी पिशवीतून कुंकवाचा करंडा काढला होता. अनामिका कुंकवात बुडवलेली, आणि बोट हवेतच.

“राहू दे,” ते म्हणाले. “सर परत ओरडतील.”

“लावा काका. बोर्डाला लावा, पेटीला लावा, माझ्या त्या खुर्चीलाही लावा.”

“आणि सर?”

“सरांचं मी बघते,” मी म्हटलं.

माझ्या तोंडून ते शब्द बाहेर पडले आणि मीच जरा थांबले. काकांनी बोर्डाच्या कोपऱ्यात बोट टेकवलं, हात जोडले. पाणी मात्र शिंपडलं नाही.

पुढं हाताला कंप सुटेपर्यंत काका त्याच टेबलावर होते, आणि जेवायला मी त्यांच्याकडे जाऊन बसायचे. पण ते सगळं नंतरचं. सोमवारी सकाळी परचुरे सर आत आले, चालू बोर्ड बघितला, त्यावरचं कुंकू बघितलं, आणि त्यांनी काकांकडे वळून तोंड उघडलं. ते काही बोलायच्या आत मी माझ्या खुर्चीवरून उठले.